बाजेवरचं दुसरं नाव

वॉर्डाच्या दवाखान्यातून आलेला कागद मी स्वतः वाचला. माझं हृदय येत्या दोन वर्षांत दगा देण्याची शक्यता दहात चार, असं त्यावर छापलं होतं. अक्षरं मी अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकले. आता माझं वय चौसष्ट. त्यामुळे ओळ संपायला वेळ लागला, आणि संपल्यावर आधी वाटला तो अभिमान. एवढी वाईट बातमी, पण ती वाचून घ्यायला शेजारच्या दारात जावं लागलं नाही. भीती त्यानंतर आली, चहा उकळून गॅसवर सांडला तेव्हा.

मी बालामणी गुंडेटी. सोलापूरच्या पूर्व भागात राहते. तेलंगणातून आलेल्या विणकरांची ही वस्ती. पस्तीस वर्षं मी विडी कारखान्यात विड्या वळल्या, मग चादरीच्या कारखान्यात तपासणीला लागले. मागावरून उतरलेली चादर उजेडासमोरच्या दांडीवर टाकायची आणि तुटका धागा, गाठ, डाग शोधायचा, हे माझं काम. माझ्या हाताखालून गेलेली चादर कधी परत आली नव्हती. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारखान्याच्या वहीत आहे.

आमच्या कारखान्यात गेली चार वर्षं जी चादर निघते तिला कंपनीने दिलेलं लांबलचक नाव आहे. आम्ही तिला जागती चादर म्हणतो. दिसायला साधी सोलापुरी चादर, तीच नक्षी, तोच जाडपणा. फक्त बोटभर अंतरावर चांदीचा मुलामा दिलेला एकेक धागा. आपण आडवे पडलो की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर सगळं अंग किंचित हलतं. आपल्याला ते कळत नाही, पण चांदीच्या धाग्यावर तेवढाच ताण पडतो आणि त्यातून वाहणारी वीज केसभर कमीजास्त होते. छाती वरखाली झाली की तसंच. चादरीच्या कोपऱ्याला काड्यापेटीएवढी डबी असते, ती हे सगळं टिपून दवाखान्याला कळवते. अंगाला काही चिकटवायचं नाही, टोचायचं नाही. झोपायचं, बस.

चादरीची कल्पना बाहेरच्या शास्त्रज्ञांची. पण तो धागा मोठ्या शहरांतल्या वेगवान मागांवर टिकेना, तुटायचा. सोलापुरात आणला, तरी तुटायचा. तो टिकवला आमच्या ह्यांनी. हे म्हणजे माझे मालक. नऊ नंबरच्या मागावर रात्रपाळी करतात. त्यांनी मागाचा वेग कमी केला, उभ्या धाग्यांच्या ताण्याचं वजन बदललं आणि मागाभोवती ओली गोणपाटं टांगली. हवेत ओल राहिली की धागा नरम राहतो, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. इंजिनियर लोक दोन महिने जे शोधत होते ते चार गोणपाटांत झालं. तेव्हापासून नऊ नंबर ह्यांचा. दुसऱ्या कोणी त्याला हात लावलेला त्यांना खपत नाही.

साखर आम्हा दोघांनाही. माझी दवाखान्याच्या कार्डावर, ह्यांची खिशात. बारा वर्षांपूर्वी एका शिबिरात त्यांची साखर निघाली होती. चिठ्ठी घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सदरा मी धुतला. गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. चांदीच्या मागांवर दर वर्षी तब्येतीचा दाखला लागतो. तो एका ओळखीच्या डॉक्टरकडून यायचा, न तपासता.

पन्नाशीपुढच्या साखरेच्या माणसांना वॉर्डाने जागती चादर फुकट वाटायची ठरवली, तेव्हा आमच्याकडे अंबिका आली. आरोग्यसेविका, पंचविशीची, चपळ पोरगी. तिने बाजेवर चादर अंथरली, डबी लावली आणि विचारलं, "आजी, या बाजेवर कोण कोण झोपतं? सगळ्यांची नावं घालावी लागतात. ज्याचं नाव घालू त्याचा ठोका चादर शिकून घेते."

मी म्हणाले, मी आणि हे.

"ह्यांचं नाव?"

आता इथेच चूक झाली. आमच्या घरात बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. माझ्या आईने घेतलं नाही, सासूने घेतलं नाही, मी बेचाळीस वर्षांत घेतलं नाही. रेशन दुकानात, शाळेत, बँकेत असं कोणी विचारलं की मी कार्ड पुढे करते आणि माझ्या नावाच्या मधल्या शब्दावर बोट ठेवते. तसंच केलं. अंबिकाने कार्ड बघितलं, माझं बोट बघितलं आणि म्हणाली, "हो आजी, तेच घातलंय." तिला वाटलं मी माझंच पूर्ण नाव दाखवतेय. मला वाटलं काम झालं. मला तेव्हा लिहिता येत होतं. कागद मागून लिहून देता आलं असतं. पण शिकलेल्या पोरीसमोर माझं वाकडं अक्षर काढायची लाज वाटली.

बाज आमच्या घरात एकच. हे रात्री नऊला जातात, सकाळी सातला येतात. आठला बाजेवर, दोनला उठतात. मी साडेसहाला बाहेर पडते, तीनला परत. रात्री दहा ते पाच बाज माझी. सुट्टीच्या रात्री हे खाली चटईवर. लग्न झाल्यापासून असंच. बाज कधी थंड झाली नाही, असं आमच्याकडे विणकरांच्या बायका हसून सांगतात.

दहात चारचा कागद आल्यावर डॉक्टर बागवानांनी मला बोलावून घेतलं. तरुण माणूस, पण समजावून सांगायची हौस मोठी. त्यांनी सांगितलं की झोपेत घसा सैल पडतो, श्वास वीस-तीस सेकंद थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग शरीर दचकतं. हृदय धडधडतं, रक्तदाब उसळतो, भीतीच्या वेळी सुटते तशी साखर रक्तात सुटते. माणूस पूर्ण जागा होत नाही म्हणून त्याला सकाळी काही आठवत नाही. असं तासाला तीस वेळा. साखरेने आधीच खरबरीत झालेल्या रक्तवाहिन्या असा मार किती दिवस सोसणार?

मी विचारलं, छातीत दुखलं तर नाही कधी.

"तेच तर वाईट आहे, आजी. साखर नसा बधिर करते. पायाला चटका बसलेला कळत नाही ना काहींना? तसंच हृदयाचं. आतून कळ उठते, पण वर पोचत नाही. म्हणून आम्ही झोपेत ऐकतो."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. निरोगी हृदय झोपेत घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना जरा लगबग, सोडताना जरा निवांत, असं लाडात चालतं. नसा खराब झाल्या की हा लाड संपतो आणि ठोका एकसुरी होतो. हजारो माणसांच्या झोपा वर्षानुवर्षं तपासल्यावर कळलं, की हृदयाचा झटका येण्याआधी कितीतरी महिने ठोका असा एकसुरी झालेला असतो. मी मागाजवळ आयुष्य काढलं. माग एकसारखा वाजला की आम्ही निर्धास्त. हृदयाचं उलटं असतं, हे मला नवीन होतं.

"आणि तुम्ही दिवसाही झोपता, सहा तास," डॉक्टर म्हणाले. "रात्रीची झोप मोडली की दिवसा अशी गुंगी येते."

मी दिवसा झोपत नाही, असं मी म्हणाले. डॉक्टर हसले. म्हणाले, सगळ्यांनाच तसं वाटतं. शिकलेल्या माणसाशी वाद घालायची मला सवय नव्हती. गोळ्या वाढवून दिल्या, त्या घेऊन आले.

तीन आठवड्यांत मला उभं राहिलं की अंधारी यायला लागली. रक्तदाब नको तेवढा खाली गेला होता. दांडीसमोर उभी राहून उजेडात बघायचं तर डोळ्यांपुढे काजवे. आणि मग एक दिवस माझ्या हाताखालून गेलेली चादर परत आली. चांदीचा एक धागा मधोमध तुटलेला. मॅनेजरने ती नुसती टेबलावर ठेवली आणि तो निघून गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

दवाखान्यात जाऊन मी सांगितलं की तुमच्या गोळ्या मला मारतायत. त्यांनी तपासणी केली आणि डॉक्टर गोंधळात पडले. माझ्या हृदयाच्या ठोक्यांची पट्टी, छातीला तारा लावून काढलेली, चांगली निघाली होती. ते म्हणाले, "कदाचित तुमची चादरच सदोष असेल. बदलून देऊ."

त्या क्षणी माझी मान ताठ झाली. चादरीच्या कोपऱ्यात तपासणीचा शिक्का असतो. त्या चादरीवर माझाच होता, अंधारी यायच्या कितीतरी आधीचा.

"डॉक्टरसाहेब, चादर मी तपासलीय. ती चुकायची नाही," मी म्हणाले. "तिने सांगितलं श्वास थांबतो, तर थांबत असणार. मला सगळा कागद द्या. नुसती शेवटची ओळ नको."

त्यांनी दिला. एका महिन्याचे तीस पट्टे, एकाखाली एक. प्रत्येक पट्टा चोवीस तासांचा, वर तासांचे आकडे. निवांत झोप हिरवी, श्वास थांबला की तांबडी रेघ.

घरी येऊन मी चष्मा लावला आणि जसा चादरीवर फिरवते तसा हात कागदावर फिरवत बसले. वाचता येणं वेगळं आणि बघता येणं वेगळं. मला दुसरं आधीपासून येत होतं. कापडात दोष असला की तो कुठे येतो हे बघायचं. दर वेळी एकाच जागी आला तर दोष धाग्याचा नाही, मागाचा. इथे रात्री दहा ते पाच पट्टा हिरवा होता, एखाददुसरी तांबडी रेघ. सकाळी आठ ते दोन नुसतं तांबडं. तिसांतले सव्वीस दिवस. फक्त चार दिवशी सकाळ कोरी होती. ते चारही सुट्टीनंतरचे दिवस होते. सुट्टीच्या रात्री हे चटईवर झोपतात आणि दुसऱ्या सकाळी बाज रिकामी असते.

मी कागद खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. हे येऊन, जेवून आठला आडवे झाले. मी बाजेजवळ स्टुलावर बसले, भिंतीवरचं घड्याळ समोर. बेचाळीस वर्षांत त्यांना झोपलेलं मी कधी बघितलं नव्हतं म्हटलं तरी चालेल. ते झोपायचे तेव्हा मी बाहेर; सुट्टीच्या रात्री मी त्यांच्या आधीच गाढ झोपलेली. घोरतात हे शेजारच्या बायका सांगायच्या, भिंतीतून ऐकू यायचं म्हणून, आणि आम्ही हसायचो.

घोरणं सुरू झालं. मग मध्येच थांबलं. मी सेकंदाच्या काट्याकडे बघत मोजायला लागले. दहा. वीस. छाती हलेना. तीस. मी त्यांच्या खांद्याला हात लावणार तोच गळ्यातून कोंडलेला आवाज आला, सगळं अंग दचकलं आणि श्वास पुन्हा चालू झाला. चेहरा शांत. त्यांना काही पत्ता नाही. एका तासात मी चौतीस रेघा मारल्या, कागदाच्या पाठीवर, पाच-पाचचे गठ्ठे करून, विड्या मोजायचे तसे.

दोन वाजता हे उठले तेव्हा मी तिथेच.

"काय बघालीस? मेलो वाटलं का?"

"चौतीस वेळा वाटलं," मी म्हणाले.

मग त्यांना सगळं सांगितलं. कागद दाखवला. त्यांना अक्षर येत नाही, पण रंग कळतो. तांबड्या पट्ट्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग म्हणाले, की चादर रात्रभर तुझ्या अंगाखाली असते, तुझाच काहीतरी घोळ असणार. मी म्हणाले, तसं म्हणायचं असेल तर म्हणा की तुमच्या नऊ नंबरने खोटी चादर विणली. स्वतःच्या विणीला ते खोटं म्हणू शकत नव्हते, आणि खरं म्हणावं तर आत तो तांबडा पट्टा.

शेवटी खरं बाहेर आलं. "नाव लागलं की दाखला जाईल. दाखला गेला की माग जाईल. माग गेल्यावर या हृदयाचं मी करू काय?"

"आणि तुम्ही गेल्यावर मागाचं मी करू काय?"

"तू नाव द्यायचं नाहीस," ते म्हणाले. मग हसले, जरा कडवट. "तसंही तुला माझं नाव घेता येत नाही."

ते मला लागलं. रात्री ते कामाला गेले, मी बाजेवर पडून विचार केला. मला त्यांचा माग माहीत होता. गोणपाटं भिजवतानाचा त्यांचा चेहरा मी बघितला होता. तो माग काढून घेणं म्हणजे माझी दांडी आणि उजेड काढून घेण्यासारखं. पण चौतीस रेघांचा तो कागद उशाशी होता. मी तो शंभर वेळा उलटा केला तरी रेघा चौतीसच होत्या.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मी पायरीवर होते. अंबिका आली, मग डॉक्टर. मी पट्टे पुढे ठेवले, बोट ठेवून सांगितलं की हे हिरवं माझं, हे तांबडं माझ्या घरच्यांचं. मी कारखान्यात असते तेव्हाचं. पाठीमागच्या रेघा दाखवल्या. डॉक्टर आधी कागदाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. अंबिकाचा चेहरा उतरला. तिला कार्डावरचं माझं बोट आठवलं असणार. मी तिला म्हणाले, पोरी, चूक तुझी अर्धी, माझी अर्धी.

डॉक्टरांनी घाईने संगणक पुढे ओढला. "पेशंटचं नाव सांगा, आजी."

माझं बोट सवयीने कार्ड शोधायला लागलं.

"नाव, आजी. आजच तपासायला हवं त्यांना."

मी हात पुढे केला आणि म्हणाले, "पेन द्या."

अंबिकाने कागद सरकवला. विडी वळणाऱ्या बोटांत मी पेन घट्ट धरलं. मी सावकाश लिहिलं: नरसय्या. जे नाव बेचाळीस वर्षं माझ्या ओठांच्या आत होतं ते कागदावर माझ्या वाकड्या अक्षरात बाहेर पडलं. रूढी तोंडाला होती. हाताला कोणी काही सांगितलेलं नव्हतं, कारण आमच्या बायकांचे हात लिहितील असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. खाली आडनाव लिहिलं, वय लिहिलं, आणि वरची रेघ पुन्हा एकदा ठळक केली.

डॉक्टर स्वतः माझ्याबरोबर घरी आले. ह्यांनी त्यांना बघितलं, मला बघितलं आणि चप्पल घातली. दोन दिवसांत मोठ्या इस्पितळात तपासणी झाली. हृदयाची एक वाहिनी नव्वद टक्के बंद, दुसरी ऐंशी. तिथले डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, छातीत दुखत नव्हतं? जिना चढताना? मागावर? हे प्रत्येक वेळी मान हलवत होते. दोन्ही वाहिन्यांत त्या उघड्या ठेवणाऱ्या तारेच्या बारीक जाळ्या बसवल्या. आणखी काही महिने गेले असते तर हे मागावरच कोसळले असते, असं डॉक्टरांनी मला बाहेर येऊन सांगितलं.

घरी आल्यावर ते माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. चहा हवा असला की भिंतीला सांगायचे, "चहा मिळेल का?" मी भिंतीला सांगायचे, "बिनसाखरेचा मिळेल." झोपताना नाकावर लावायला हवेचं यंत्र मिळालं होतं. त्याची लांब नळी बघून म्हणाले, "हत्ती केला माझा." तेही भिंतीला. पण लावलं.

दाखला गेला, रात्रपाळी बंद झाली. ते संध्याकाळी दारात बसून कारखान्याच्या दिशेने कान लावायचे. मला ते बघवायचं नाही, पण लिहिलेलं नाव मी खोडणार नव्हते.

दहाव्या दिवशी मॅनेजर आला. नऊ नंबरवर बसवलेल्या दोन जवान विणकरांच्या हातून धागा दर तासाला तुटत होता. गोणपाटं टांगली होती, पण किती ओली ठेवायची ते कोणाला कळत नव्हतं. त्याने विचारलं की दिवसपाळीला उभं राहून शिकवाल का, माग चालवायचा नाही, फक्त शिकवायचं. हे म्हणाले विचार करून सांगतो. मॅनेजर गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत ते सदरा घालून त्याच्या मागे निघाले होते. आता चार मागांवर जागती चादर निघते आणि चारही विणकर त्यांना मास्तर म्हणतात.

माझ्या जादा गोळ्या बंद झाल्या. अंधारी गेली. परत आलेली ती एक चादर वहीत माझ्या नावावर आहे, ती राहील. तिच्यानंतर एकही नाही.

आता आम्ही दोघं एकाच वेळी झोपतो. बाज दोघांना पुरत नाही हे आम्हाला बेचाळीस वर्षांनी कळलं. जावयाने मोठा पलंग घ्यायला सांगितलं; ह्यांनी बाजेलाच बाज बांधली.

परवा नवीन कागद आला. आता प्रत्येक दिवसाचे दोन पट्टे असतात, एकाखाली एक, आणि प्रत्येकाच्या डाव्या बाजूला नाव. वरचा पट्टा ह्यांचा. तांबड्या रेघा कुठेतरी तुरळक, बाकी हिरवं. मी आकडे वाचून दाखवले. हे म्हणाले, "आणि हे काय लिहिलंय? वाच की."

"तुमचं नाव आहे."

"तेच म्हणतो. वाच."

मी कागद त्यांच्या हातात दिला. गेले दोन महिने ते संध्याकाळी माझी जुनी पाटी घेऊन बसतात. मी बघत नाही असं दाखवते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, जाड बोट पहिल्या अक्षराखाली ठेवलं आणि दमदाटी केल्यासारखं मोठ्याने वाचलं, "न. र. स. य्या." मग एकदा सबंध वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

मी म्हणाले, बरोबर आहे.

बोट खालच्या ओळीवर गेलं. तिथे जरा अडलं, कारण ते नाव त्यांनी पाटीवर कधी काढलेलं नव्हतं. मी मदत केली नाही. बेचाळीस वर्षं या माणसाने मला अगं म्हणून हाक मारली होती.

"बा," ते म्हणाले. "ला. म. णी."